पेशीला पाय फुटतात तेव्हा

मराठी शिकवणाऱ्या माणसाने कर्करोगावर लेख लिहावा, आणि तोही दिवाळी अंकात, म्हणजे फराळाच्या ताटात काढ्याची वाटी ठेवण्यासारखे आहे, हे मला ठाऊक आहे. चकल्या-करंज्यांच्या मधोमध हा कडू घोट कशाला, असे कोणी म्हटले तर मी रागावणार नाही. पण एक सांगून ठेवतो. मी वैद्य नाही, शास्त्रज्ञ नाही. एम. ए. ला भाषाशास्त्राचा पेपर घेतला होता, तेवढाच माझा आणि शास्त्राचा संबंध. पेणजवळ रामवाडीला राहतो, कॉलेजात मुलांना क्रियापदे आणि कविता शिकवतो. या विषयाकडे मला ओढून नेले ते एका क्रियापदानेच. ते क्रियापद म्हणजे ‘पसरणे’.

माझे थोरले मामा गणपतीच्या मूर्ती करीत. पेण-हमरापूरच्या पंचक्रोशीत हे काही विशेष नव्हे. इकडे घराघरांत साचे असतात आणि वर्षाला लाखो मूर्ती येथून देशभर जातात. मामांना चौसष्टाव्या वर्षी कावीळ झाली. पोटात दुखत नव्हते, ताप नव्हता, नुसते डोळे पिवळे आणि अंगाला खाज. आपल्या कोकणात कावीळ म्हटली की माणूस आधी दवाखान्याची वाट धरीत नाही, कावीळ ‘उतरवणाऱ्या’ची धरतो. मामांनीही तेच केले. पाच आठवडे झाडपाला आणि बिनतेलाचे जेवण झाले. मग वजन उतरले तेव्हा मुंबईला तपासणी झाली. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ होती, तिने पित्ताची नळी दाबून धरली होती, आणि यकृतावर चार-पाच ठिपके दिसत होते. “पसरलं आहे,” डॉक्टर म्हणाले. मामांनी विचारले, “पसरलं म्हणजे? तेल पसरतं तसं?” डॉक्टर क्षणभर थांबले आणि म्हणाले, “नाही, तसं नाही. चालत गेलं, असं म्हणा.”

मामा त्यानंतर पाच महिने जगले. ते ‘चालत गेलं’ मात्र माझ्या डोक्यातून जाईना. तेल पसरते, बातमी पसरते, वास पसरतो. या सर्वांना स्वतःचे पाय नसतात. मग चालत गेले म्हणजे काय? कोण चालले? कशावर चालले? त्या प्रश्नाच्या मागे लागून गेली दोन वर्षे मी जे वाचले, ज्यांना समजते त्यांच्याकडे जाऊन जे विचारले, ते आज सांगतो.

प्रथम या अवयवाची ओळख करून देतो, कारण तो फार लाजाळू आहे. हृदयाचे नाव काढले की आपला हात आपोआप छातीवर जातो. स्वादुपिंड कोठे आहे असे विचारले तर सुशिक्षित माणूसही पोटावरून उगीच हात फिरवील. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून, सुमारे वीतभर लांबीचा हा मऊ पिंड आडवा पडलेला असतो. अन्न पचविणारा रस तो आतड्यात सोडतो आणि इन्सुलिन रक्तात सोडतो. एवढी दोन कामे मुकाट्याने करतो आणि बिघडला तरी मुकाट्यानेच बिघडतो. येथील कर्करोगाचा खरा घात यातच आहे. गाठ हाताला लागत नाही, लवकर दुखतही नाही. रोग कळतो तेव्हा पाच रुग्णांतील जेमतेम एकाची गाठ शस्त्रक्रियेने काढण्याजोगी असते. ही शस्त्रक्रिया न्यूयॉर्कच्या डॉ. ॲलन व्हिपल यांनी 1935 साली पुढे आणली. आज ती मुंबईतही उत्तम होते. पण ज्याचा रोग आधीच यकृतात पोहोचला आहे त्याला तिचा उपयोग नाही. अमेरिकेसारख्या संपन्न देशातही या रोगाचे निदान झाल्यावर पाच वर्षांनी शंभरांतील तेराच्या आसपास माणसे हयात असतात.

वाचकांना मनोहर पर्रीकर आठवत असतील. मुंबईच्या आय. आय. टी. तून धातुशास्त्र शिकलेला हा गोव्याचा मुख्यमंत्री. फेब्रुवारी 2018 मध्ये पोटाच्या दुखण्याने रुग्णालयात गेला, अमेरिकेत उपचार घेऊन आला, आणि 30 जानेवारी 2019 रोजी नाकात नळी असताना विधानसभेत अंदाजपत्रक मांडायला उभा राहिला. ते छायाचित्र अवघ्या महाराष्ट्राने पाहिले. 17 मार्च 2019 रोजी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, ते गेले. रोग स्वादुपिंडाचाच. निदानापासून अंतापर्यंत जेमतेम तेरा महिने. त्या वेळी घरोघरी लोक एकमेकांना विचारीत होते, हे स्वादुपिंड म्हणजे नक्की कोठे असते हो?

आता त्या चालण्याकडे येतो.

आपल्याला शाळेत पेशीचे चित्र काढायला शिकवले ते अंड्याच्या पोळीसारखे. बाहेर एक रेघ, मध्ये एक ठिपका, आणि उरलेल्या जागेत पातळ खळ. वास्तविक पेशीच्या आत सांगाडा असतो. माझ्या डोळ्यांसमोर मामांचा कारखाना येतो. शाडूची लहान मूर्ती साच्यात दाबून घडवली की आपल्या अंगावर उभी राहते. प्लॅस्टरची असली तर त्यात काथ्या घालावा लागतो, आणि मूर्ती माणसाएवढी झाली की आतून लाकडाचा आधार लागतो. तो नसला तर सोंड गळून पडेल. पेशीतही तसेच तीन प्रकारचे धागे असतात. सर्वांत बारीक धागा ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचा. तो इतका बारीक की असे दहा हजार धागे शेजारी शेजारी मांडावे तेव्हा आपल्या डोक्यावरच्या एका केसाची जाडी भरते. सर्वांत जाड त्या ट्यूब्युलिनच्या पोकळ नळ्या. या दोहोंच्या मधल्या जाडीचे दोर असतात, त्यांत केराटिन आणि व्हायमेंटिन मोडतात. केराटिनच्या घराण्यातील प्रथिनांचीच आपली नखे आणि केस बनतात. व्हायमेंटिन हे नाव ज्या लॅटिन शब्दावरून आले त्याचा अर्थ लवचिक कांबट्यांची जुडी, म्हणजे आपल्या बुरुडाच्या हातात असते तशी. शास्त्रज्ञ नावे ठेवताना कधी कधी कवीच असतात.

पण मूर्तीच्या आधारात आणि या सांगाड्यात एक फरक आहे, आणि सारे मर्म तेथेच आहे. मूर्तीतले लाकूड एकदा बसवले की विसर्जनापर्यंत हलत नाही. पेशीचा सांगाडा मात्र क्षणोक्षणी मोडला जातो आणि बांधला जातो. गावातल्या मांडववाल्यांची कल्पना करा. मांडवाच्या मागच्या बाजूचे वासे ते सोडताहेत आणि तेच वासे पुढे नेऊन बांधताहेत. असे सतत करीत राहिले तर काय होईल? मांडव चालू लागेल! ॲक्टिनचा धागा असाच पुढच्या टोकाला वाढतो आणि मागच्या टोकाला विरतो. पुढे वाढताना तो पेशीच्या पडद्याला ढकलतो, पडद्याला फुगवटा येतो, तो फुगवटा जमिनीला चिकटतो. मागून मायोसिन नावाचे दुसरे प्रथिन दोरी आवळावी तसे शेपूट ओढून घेते. झाले एक पाऊल. तासाभरात केसाच्या जाडीइतके अंतर कापले तरी पुष्कळ. मात्र पेशीला बस गाठायची नसते.

हे ॲक्टिन प्रथम हाती लागले ते दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, 1942 साली, हंगेरीतील सेगेद गावी. आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत ब्रूनो स्ट्राउब या तरुणाने ते स्नायूंतून वेगळे केले. त्यामुळे ते फार दिवस स्नायूंचे प्रथिन म्हणूनच ओळखले गेले. ज्या वस्तूने आपण हात उचलतो, त्याच वस्तूने पेशी चालते, ही गोष्ट नंतर उलगडत गेली.

चालणे हा काही गुन्हा नाही. गर्भात पेशी चालतात म्हणून बाळाला नाकडोळे आपल्या जागी मिळतात. जखम भरते ती पेशी चालत येतात म्हणून. पण निरोगी पेशीला शेजारधर्म असतो. लंडनमध्ये मायकेल ॲबरक्रॉम्बी आणि जोन हेज्मन यांनी 1953-54 च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाखाली हे टिपले. कोंबडीच्या पिल्लाच्या हृदयातील पेशी एकमेकींना भिडल्या की थबकत आणि दिशा बदलत. कर्करोगाच्या पेशींना ही लाज नसते; त्या शेजारणीच्या अंगावरून जातात.

स्वादुपिंडात काय घडते ते आता पाहू. तेथील नलिकांच्या अस्तरात पेशी विटांसारख्या एकमेकींना घट्ट जोडून बसलेल्या असतात. जोडणीच्या खुंट्यांना आतून केराटिनचे दोर बांधलेले असतात. कर्करोगात यांतील काही पेशी हात सोडतात, केराटिन कमी करतात, व्हायमेंटिन वाढवतात आणि भटक्या होतात. गृहस्थाश्रम सोडून वाटेला लागलेल्या माणसासारखे हे आहे, फक्त येथे वैराग्य नाही. या वाटेवर त्यांना मदत करणारे एक प्रथिन म्हणजे फॅसिन. याचे काम ॲक्टिनच्या सुट्या धाग्यांची जुडी बांधणे. एक काडी वाकते, मोळी वाकत नाही. जुडी झाली की तिचा भाल्यासारखा उपयोग होतो आणि पेशी तो पुढच्या भिंतीत खुपसते. स्वादुपिंडाच्या निरोगी नलिकेत फॅसिन जवळजवळ सापडत नाही. ग्लासगो येथे लॉरा मॅकेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. कर्करोग होणाऱ्या उंदरांतून फॅसिनचे जनुक काढून टाकले, तर गाठ वाढण्याचा वेग मंदावला आणि रोगाचा फैलावही कमी झाला.

त्याहून मला चटका लावून गेला तो जर्मनीतील 2003 सालचा एक प्रयोग. उल्म आणि हायडेलबर्ग येथील मंडळींनी माणसाच्या स्वादुपिंडातील कर्करोगाच्या पेशी घेतल्या, त्यांवर रक्तात आढळणारा एक स्निग्ध पदार्थ सोडला, आणि काय होते ते पाहत बसले. पेशीभर जाळ्यासारखे पसरलेले केराटिन गोळा होऊन मधल्या केंद्रकाभोवती कडे करून बसले. मग त्यांनी दोन काचांमध्ये एकेक पेशी पकडून ताणून पाहिली. पेशी मऊ झाली होती! जाळे काढून घेतल्याबरोबर तिचा ताठा गेला होता, आणि अरुंद छिद्रांतून ती अधिक सहज निसटत होती. या माहितीवर मी पुष्कळ दिवस विचार करीत होतो. स्वादुपिंडाची गाठ हाताला दगडासारखी लागते, असे शल्यवैद्य सांगतात. तिच्यात घट्ट तंतूंचे रान माजलेले असते. त्या दगडातून निसटून जाणारी पेशी मात्र मऊ. खाडीकाठच्या आमच्या मुलांना हे नवल वाटणार नाही. चिंबोरी बिळात हात घालून धरता येते, पण चिखलातला निवटा मुठीत राहत नाही.

एकदा वाट फुटली की पुढचा मुक्काम बहुधा यकृत. याचे कारण शरीराच्या नकाशात आहे. स्वादुपिंडातील रक्त थेट हृदयाकडे जात नाही, ते आधी मोठ्या प्रवेशिकेने यकृतात जाते. एस. टी. ची गाडी कोठूनही सुटो, पनवेलच्या स्थानकात शिरल्याशिवाय पुढे जात नाही, तसे. पण प्रत्येक उतारू तेथे घर करीत नाही. स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यवैद्याने 1889 सालीच लिहून ठेवले की बीज सगळीकडे उधळले तरी उगवते ते मानवेल त्या मातीत.

आता कोणी म्हणेल, ही सारी विलायतेतली कथा. तसे नाही. आमच्या रामवाडीहून दीडएक तासावर, याच रायगड जिल्ह्यात, खारघरला टाटा स्मारक केंद्राची संशोधनसंस्था आहे. तिचे मूळ परळला 1952 साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात. डॉ. वसंत रामजी खानोलकर तिचे पहिले संचालक. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी तेथे पेशी काचपात्रात वाढविण्याची देशातील पहिली प्रयोगशाळा उभी केली. ही संस्था 2002 साली खारघरच्या टेकडीपाशी आली. आपल्याकडे तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग फार, तेव्हा येथील बरेच काम त्यावर झाले. पण सांगाड्याची भाषा तीच आहे. डॉ. मिलिंद वैद्य यांच्या गटाने तोंडातील गाठीच्या पेशींमधून आठ आणि अठरा क्रमांकाची केराटिने कमी केली, तर त्या पेशींची आक्रमकता घटली. डॉ. सोराब दलाल यांच्या गटाने आतड्याच्या पेशींतील जोडणीच्या खुंटीचा एक भाग, प्लाकोफिलिन-3, काढून टाकला. पेशी सुट्या झाल्या आणि उंदरांत दूरवर जाऊन रुजल्या. येथे चाणाक्ष वाचक मला अडवील. जर्मनीत केराटिनचे जाळे आवळले की पेशी सैल सुटते, आणि खारघरला केराटिन कमी केले की पेशी शांत होते. मग खरे काय? दोन्ही खरे. धागा असणे-नसणे एवढ्यावर भागत नाही. तो कोणत्या पेशीत आहे, कसा मांडला आहे आणि त्यावर फॉस्फेटचे ठिपके कोठे बसले आहेत, यावर त्याचा अर्थ ठरतो. व्याकरणात तरी दुसरे काय असते! ‘च’ हे एक अक्षर, पण ‘मीच जाईन’ आणि ‘मी जाईनच’ यांत केवढा फरक.

शास्त्रज्ञांचेही सगळ्या बाबतीत एकमत नाही. पेशी केराटिन टाकून व्हायमेंटिन धारण करते हे वेषांतर फैलावाला आवश्यकच आहे, असे पुष्कळ दिवस मानले जात होते. 2015 साली अमेरिकेतील एका गटाने उंदरांत ते वेषांतर बंद करून दाखवले, तरी रोग पसरलाच. औषधे मात्र अधिक लागू पडू लागली. दोनच वर्षांनी दुसऱ्या गटाने निराळे जनुक बंद केले, तेव्हा फैलाव कमी झाला. वाद चालू आहे. मला तो आवडतो. आमच्या साहित्यसंमेलनांतील वादांत कोणी उंदीर पुढे करून पुरावा दाखवीत नाही.

या सांगाड्यावर चालणारी औषधे आहेत का? आहेत, आणि त्यांतील काहींची कुळे आपल्या अंगणात आहेत. सदाफुली घ्या. तिच्यापासून काढलेली औषधे ट्यूब्युलिनच्या नळ्या बांधूच देत नाहीत. ती रक्ताच्या कर्करोगात वापरतात. श्रावणात कुंपणावर ज्वाळेसारखी फुलणारी कळलावी घ्या. तिच्या कंदातील कॉल्चिसीन हे विष ट्यूब्युलिनला जाऊन चिकटते, आणि ट्यूब्युलिनचा पत्ता शास्त्राला लागला तो या चिकटण्यावरूनच, शिकागोत, 1967 च्या सुमारास. (हे वाचून कोणी सदाफुलीचा किंवा कळलावीचा काढा करू नये. कळलावीने माणसे मेली आहेत.)

स्वादुपिंडासाठी जे औषध आज दिले जाते त्याच्याशी मात्र महाराष्ट्रातील एका माणसाचे नाव जोडलेले आहे, आणि ते आपल्या मुलांना ठाऊक नसते याचे मला वाईट वाटते. मनसुख वाणी हे 1925 साली नंदुरबारला जन्मले, मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले आणि अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात मनरो वॉल यांच्याबरोबर झाडांच्या साली तपासत बसले. 1966 साली त्यांच्या हाती एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन आले. 1971 साली पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतील टॅक्सॉलची रचना त्यांनी उलगडली. हे टॅक्सॉल वागते कसे, ते न्यूयॉर्कच्या सुझन हॉर्विट्झ यांनी 1979 साली दाखवले. ते नळ्या मोडत नाही. उलट त्यांना इतके घट्ट करते की पेशीला त्या सोडताच येत नाहीत. मांडववाल्यांच्या सगळ्या गाठी कोणी डांबराने बुजवून टाकाव्यात, तसे. पेशी विभागायला जाते आणि अडकून मरते. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत या औषधाचे एक रूप जुन्या औषधाच्या जोडीला दिले, तेव्हा पसरलेल्या रोगाचे रुग्ण साधारण साडेसहा-पावणेसात महिन्यांऐवजी साडेआठ महिने जगले. कॅम्प्टोथेसिनपासून निघालेले औषध ज्या चार औषधांच्या मिश्रणात आहे, त्याने 2011 साली हीच मुदत सुमारे अकरा महिन्यांवर नेली होती. कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडातही आहे. त्यापायी ती झाडे रानोमाळ तोडली गेली.

दोन महिने, चार महिने! वाचताना हे आकडे क्षुल्लक वाटतात. मामांना ते औषध तीन महिने मिळाले, आणि त्या मुदतीत त्यांनी थोरल्या नातवाला डोळ्यांची आखणी शिकवली. मूर्तीच्या कामात ती सर्वांत शेवटची आणि सर्वांत अवघड. नातवाने गेल्या भाद्रपदात दीडशे मूर्तींचे डोळे स्वतः रेखले.

फॅसिनला अडविणारे एक औषधही तयार झाले असून माणसांवरील त्याच्या पहिल्या टप्प्याच्या चाचण्या अमेरिकेत पार पडल्या आहेत. त्यातून काय निघेल ते निघो. माझे लक्ष मात्र दुसऱ्याच एका हिशोबाकडे लागले आहे. अमेरिकेत 2010 साली मृत रुग्णांच्या गाठींतील जनुकांचे बदल मोजून काही संशोधकांनी काळाचा अंदाज बांधला. पहिला बिघाड झाल्यापासून खरी कर्करोगाची पेशी जन्माला यायला किमान दहा वर्षे, तिला दूर जाण्याची ताकद यायला आणखी किमान पाच, आणि त्यानंतर रुग्ण सरासरी दोन वर्षांत जातो. म्हणजे पंधरा वर्षे हा रोग उंबऱ्याच्या आत असतो. मात्र उंदरांवरच्या 2012 सालच्या एका प्रयोगात असे दिसले की काही पेशी गाठ डोळ्यांना दिसण्यापूर्वीच रक्तात उतरलेल्या असतात. पंधरा वर्षांच्या हिशोबावर फार विसंबून चालणार नाही.

त्या काळात रोगाला गाठता येईल अशी साधी रक्ताची खात्रीची तपासणी अजून हाती आलेली नाही. तोवर खुणाच पाहायच्या. न दुखता झालेली कावीळ. पन्नाशीनंतर, घरात कोणाला नसताना, अचानक निघालेला मधुमेह आणि त्याबरोबर उतरणारे वजन. पाठीकडे जाणारी, रात्री आडवे झाल्यावर वाढणारी कळ. बहुतेक वेळा याचे कारण दुसरेच काही निघते. आमच्याकडे आता गल्लीत कोणाचे डोळे पिवळे दिसले की मामी स्वतः जाऊन त्याला रिक्षात बसवते आणि सोनोग्राफी झाल्याशिवाय परत आणत नाही. उतरवणाऱ्या बाबाने त्यावरून तिच्याशी भांडण काढले आहे. भांडण गेले वर्षभर चालू आहे, आणि त्यात सध्या मामीची सरशी आहे.